एका रात्रीत पंधरा वर्षांचा कलावंत घडवणाऱ्यास

महाशय,

पत्राच्या सुरुवातीला सप्रेम नमस्कार लिहायची आपल्याकडे रीत आहे. तुम्हाला तो लिहवत नाही, तेव्हा थेट मुद्द्यावर येतो.

तुमचं नाव इथे घालत नाही. तशी गरजही नाही. तहसील कचेरीच्या बाहेर, झेरॉक्सच्या दुकानाला लागून एक टेबल असतं, टेबलावर शिक्क्यांचा डबा असतो आणि पलीकडे तुम्ही असता. प्रत्येक तालुक्यात तुमचा एक भाऊबंद आहे. हे पत्र आपल्यालाच आहे असं ज्याला ज्याला वाटेल, त्या प्रत्येकाला ते आहे.

ज्येष्ठ साहित्यिक आणि कलावंतांना राज्य शासन दरमहा मानधन देतं. त्यासाठी आलेले अर्ज तपासणाऱ्या जिल्हा समितीवर मी अशासकीय सदस्य आहे. माझं आयुष्य ढोलकीवर गेलं. समितीत अधिकारी असतात, त्यांना नियम कळतात. आम्ही शाहीर, कीर्तनकार, वादक मंडळी तिथे असतो ती एवढ्याचसाठी, की चुकलेला ठेका आमच्या कानाला टोचतो. कलावंताची पारख कलावंतानं करावी, असा त्यामागचा साधा विचार आहे. तुमचा सगळा धंदा या एका विचारावर कागदांचा ढीग टाकून तो गाडण्याचा आहे.

योजना आजची नाही. 1954-55 पासून ती चालू आहे. कलावंताचं वय किमान 50 असावं, कलेत किमान 15 वर्षं घालवलेली असावीत, वार्षिक उत्पन्न 60 हजारांच्या आत असावं, अशा तिच्या अटी आहेत. पूर्वी कलावंतांचे तीन वर्ग होते आणि त्याप्रमाणे महिन्याला 3150, 2700 किंवा 2250 रुपये मिळत. मार्च 2024 मध्ये शासनानं निर्णय काढला, वर्गवारी काढून टाकली आणि सगळ्यांना सरसकट 5000 रुपये केले. योजनेला राजर्षी शाहू महाराजांचं नाव आहे. ज्या राजानं अल्लादियाखाँसाहेबांना कोल्हापूरच्या दरबारात मानाची जागा दिली, त्याचं नाव. निर्णय चांगला होता. थकलेल्या वादकाला औषधपाण्यापुरते तरी पैसे मिळतील, असं आम्हा सगळ्यांना वाटलं. तुम्हाला दुसरंच काही दिसलं. म्हातारपणी आधार म्हणून श्रावणबाळ योजनेत महिन्याला 1500 मिळतात आणि इथे 5000. हा साडेतीन हजारांचा फरक तुम्ही हेरलात आणि त्यावर दुकान थाटलंत. मंजुरी आली की पहिल्या काही महिन्यांची रक्कम तुमची, पुढची अर्जदाराची, असा तुमचा दर आहे. गावोगावी तो तोंडपाठ आहे.

आता तुमच्या मालाकडे येतो.

तुमची फाइल मी हातात घेतल्याबरोबर ओळखतो. तिच्यात एकही त्रुटी नसते. उत्पन्नाचा दाखला ताजा, रहिवासी दाखला ताजा, आधार आणि पासबुकावरची जन्मतारीख तंतोतंत जुळलेली, शिफारसपत्रं तीन, प्रशस्तिपत्रं चार, छायाचित्रं सहा. ज्यानं उभ्या आयुष्यात गावोगाव पोट बांधून वाजवलं, त्याच्याकडे इतका नीटस कागद कधी नसतो. खऱ्या कलावंताची फाइल घाबरलेली असते. तिच्यात एक पावती पावसात भिजलेली असते, नाव एका ठिकाणी रामचंद्र तर दुसऱ्या ठिकाणी रामा असतं, आणि त्यासाठी केलेलं प्रतिज्ञापत्र चुकीच्या पानामागे जोडलेलं असतं.

तुमच्या एका भजनी मंडळाचं पत्र माझ्या समोर आलं. मंडळाची स्थापना 1984. अमुक तमुक हे आमच्या मंडळात पखवाजवादक म्हणून सेवा करतात, असं 1992 च्या तारखेचं पत्र. पत्राच्या माथ्यावर दहा आकडी मोबाइल नंबर छापलेला. या देशात मोबाइलवरून पहिलं बोलणं झालं ते 1995 साली. तीन वर्षं आधीच तुमच्या मंडळाच्या खिशात मोबाइल खणखणत होता! इतकंही तपासायची तसदी तुम्ही घेत नाही, कारण समितीतले लोक वाचत नाहीत, शिक्के मोजतात, अशी तुमची पक्की समजूत आहे. तोच शिक्का, त्याच डाव्या कडेला शाई कमी उमटलेला, आणखी कितीतरी पत्रांवर आहे. 'सांस्कृतीक' ही दीर्घ 'ती'ची चूकही सगळ्या पत्रांत तीच आहे, मग पत्र कुठल्या का गावच्या मंडळाचं असेना.

त्याच फाइलीतलं छायाचित्र बघा. मागे निळा पडदा, पुढे सतरंजी, अर्जदार डोक्याला फेटा बांधून पखवाज मांडीशी घेऊन बसलेला. पखवाजाच्या डाव्या तोंडाला वाजवण्याआधी भिजवलेली कणीक लावावी लागते, तेव्हा त्यातून तो घुमारा निघतो. वाजवून झालं की ती काढून टाकायची, पुढच्या वेळी पुन्हा ताजी लावायची. तुमच्या छायाचित्रात गडी हात उगारून, डोळे मिटून रंगात आलेला आहे आणि पखवाजाची डावी पुडी कोरडी ठणठणीत. कणकेचा मागमूस नाही. अधिकाऱ्यांना यात काही दिसलं नाही, आणि त्यात त्यांचा दोष नाही. आम्हाला मात्र तो पखवाज त्या दिवशी वाजलाच नव्हता हे दिसलं. पुढच्या फाइलीत तोच पडदा, तोच पखवाज, तोच फेटा. बदललं होतं फक्त तोंड.

मी भजनाला कमी लेखतो असं कुणी समजू नये. वारकरी भजनातला पखवाज हे मोठं कसब आहे. चालीवर चाल चढत जाते तेव्हा टाळकऱ्यांची अख्खी रांग ज्याच्या हातावर तोललेली असते, त्या माणसाला मानधन मिळालंच पाहिजे, आणि सगळ्यात आधी मिळालं पाहिजे. सप्ताहात सगळा गाव भजनाला उभा राहतो, म्हणून सगळा गाव भजनी कलावंत होत नाही. हा फरक गावातल्या शेंबड्या पोरालाही कळतो. तुम्ही तो पुसलात. कागदावर कुणालाही भजनी करणं सोपं असतं, म्हणून तुमच्या टेबलावरून भजनी मंडळं सगळ्यात जास्त निघतात.

एकदा आम्ही आग्रह धरून काही अर्जदारांना प्रत्यक्ष बोलावलं. तुमचा एक हलगीवादक आला. कागदावर तो पंचवीस वर्षं हलगी वाजवत होता. त्यानं हलगी घेतली आणि लगेच बडवायला लागला. त्याच दिवशी नंतर आलेला म्हातारा, ज्याच्या अर्जात धड एक छायाचित्र नव्हतं, तो हलगी हातात घेऊन आधी अवघडून उभा राहिला. मग शिपायाला हळूच म्हणाला, "दादा, थोडा जाळ करता येईल का कुठं? पावसाळी हवा हाय, कातडं बसलंय." बाहेरच्या आवारात चार कागद पेटवून त्यानं हलगी शेकली, बोटांनी दोनदा टिचकी मारून ऐकली, पुन्हा शेकली. मग वाजवली. वरच्या मजल्यावरची खिडकी उघडून लोक बघायला लागले. त्या म्हाताऱ्याचा अर्ज त्रुटीत निघाला होता, कारण त्याच्याकडे नोंदणीकृत संस्थेचं शिफारसपत्र नव्हतं. तुमच्या माणसाकडे तीन होती.

हे मी तुम्हाला का सांगतो? तुम्ही शासनाचे पैसे खाता असा लोकांचा समज आहे. तो अपुरा आहे. पैशाचा हिशेब उद्या कुणी मांडेल आणि वसूलही करेल. तुम्ही जागा खाता. एका जिल्ह्यात वर्षाला 100 जणांची निवड होते. शंभर म्हणजे शंभर. तुमचा एक खोटा पखवाजवादक त्या यादीत बसला की एक खरा संबळवाला, एक खरा दशावतारी किंवा दंडारीत उभं आयुष्य नाचलेला एक माणूस यादीच्या बाहेर जातो आणि त्याला सांगितलं जातं, पुढच्या वर्षी बघू. अर्ज करणारा माणूस साठीचा, सत्तरीचा असतो. त्याच्याकडे पुढची वर्षं किती असतात? यादीत नाव लागलं तेव्हा माणूस गेलेला होता, असं आम्ही पाहिलं आहे. त्याच्या जागेवर त्या वर्षी तुम्ही कुणाला बसवलं होतं, ते तुमच्या वहीत लिहिलेलं असेल. काढून वाचा.

तुमचा दुसरा गुन्हा मला याहून जास्त लागतो. तुम्ही आम्हाला संशयी करून ठेवलंत. पूर्वी समितीत म्हातारं माणूस समोर आलं की आम्ही आधी विचारायचो, कुठल्या फडात होता, कुणाबरोबर वाजवलं? आता पहिला प्रश्न निघतो: पुरावा काय? खोट्या कागदांचा पूर आला की खरे कागद मागणारे नियम आणखी कडक होतात. आणि प्रत्येक कडक नियम तुम्ही एका दुपारी पुरा करता. तो आडवा येतो फक्त खऱ्या माणसाला.

तमाशात आयुष्य काढलेली एक बाई आमच्यासमोर आली. लहानपणी फडात नाचायला उभी राहिली, वय झाल्यावर गवळणीला मागे उभी राहून सूर धरायची. समितीतल्या एकांनी तिला चांगल्या मनानंच विचारलं, "मावशी, एखादं वर्तमानपत्राचं कात्रण, जाहिरात, काही आहे का?"

ती म्हणाली, "साहेब, आमचं नाव पेपरात कशापायी येईल? बोर्डावर मालकाचं नाव असायचं. आमी त्याच्या मागं."

तिनं पिशवीतून एक वही काढली. फडमालकाकडची जुनी वही, मालक वारल्यावर त्याच्या मुलानं तिला दिलेली. हंगामाआधी कलावंताला मालक उचल देतो, त्या उचलीची नोंद त्यात होती. दसऱ्याच्या सुमाराची तारीख, रक्कम, समोर तिचा अंगठा. मग पुढचा दसरा, पुढची रक्कम, पुन्हा अंगठा. पानामागून पान. काही ठिकाणी 'बाळंतपणासाठी जादा' असं लिहिलेलं. काही ठिकाणी मागची उचल फिटली नाही म्हणून पुढच्या हंगामात ओढलेली. या कलेत तिची किती वर्षं गेली, याचा यापेक्षा खरा दस्तऐवज दुसरा कुठला असू शकेल? ती वर्षं तिनं कर्जात घालवली आणि प्रत्येक वर्षाखाली अंगठा उठवला. अर्जातल्या पुराव्यांच्या यादीत उचलीच्या वहीला रकाना नव्हता. शिवाय आधार कार्डावर तिची जन्मतारीख 1 जानेवारी आणि साल असं, की तिचं वय पन्नाशीच्या आत जात होतं. दारात उभं राहून कुणीतरी अंदाजानं घातलेली तारीख. तिच्या घोट्यांवर चाळ बांधून बांधून काळे घट्टे पडलेले होते, गुडघा धरून ती खुर्चीवरून उठली, आणि कागद म्हणत होता हिचं वय बसत नाही. रहिवासी दाखलाही अडलेला, कारण जन्म राहुटीत गेला. कुठल्या गावचा तलाठी तिला आपली म्हणणार?

तुमच्या टेबलावर ती आली असती तर तुम्ही दुपारपर्यंत तिला वय, गाव, कात्रणं सगळं दिलं असतं, हे मला माहीत आहे. तुमच्याकडे यायला तिच्याजवळ पैसे नव्हते. आणि मी विचारलं तेव्हा ती म्हणाली, खोटं कशाला करू, नाचले तर आहेच की.

पट्ठे बापूराव 1945 साली पुण्यात हलाखीत गेले. ज्यांच्या लावण्यांवर कितीतरी फड जगले, त्यांच्या शेवटच्या दिवसांत हातात काही उरलं नव्हतं. विठाबाई नारायणगावकरांना राष्ट्रपतींचा पुरस्कार मिळाला, महाराष्ट्रात त्यांचं नाव माहीत नाही असा तमाशाचा रसिक नसेल. 2002 साली त्या गेल्या, तेव्हा अखेरच्या आजारपणात औषधोपचारांच्या खर्चासाठी लोकांनी हात पुढे करायची वेळ आली होती. एवढ्या नावाजलेल्या माणसांची ही गत. मग ज्यांची नावं बोर्डावर कधीच लागली नाहीत, त्या सुरत्यांचं, झिलकऱ्यांचं, तुणतुणंवाल्यांचं काय झालं असेल? महिन्याच्या पाच हजारांवर पहिला हक्क त्यांचा आहे. मदत वेळेवर पोचली असती तर काय झालं असतं, हा प्रश्न या राज्यानं आपल्या कलावंतांच्या बाबतीत पुन्हा पुन्हा विचारला आहे. आज मदत आहे, आणि वाटेत तुम्ही उभे आहात.

तुमचं उत्तर मला ठाऊक आहे, कारण ते तुम्ही चहाच्या टपरीवर सगळ्यांना ऐकवता. "गरिबाला चार पैसे मिळतात, तुमच्या बापाचं काय जातं?" तुमच्याकडे येणारा माणूस खरोखर गरीब असतो, हे मान्य आहे. त्याच्या म्हातारपणाला 1500 पुरत नाहीत, हेही खरं आहे. मग त्याच्यासाठी भांडा. निराधारांचं अनुदान वाढवा म्हणून तहसीलवर मोर्चा काढा, मी ढोलकी घेऊन पुढे चालतो. पण तुम्ही एका गरिबाच्या पानातलं उचलून दुसऱ्याच्या पानात वाढता आणि मधला घास स्वतः घेता. शिवाय ज्याला तुम्ही खोटा कलावंत करता, तोही गावात ताठ मानेनं जगू शकत नाही. शेजारी त्याला विचारतात, काय बुवा, पखवाज कधी शिकलास? तो मान खाली घालतो. ही लाज तुम्ही त्याला पैसे घेऊन विकली.

केंद्र सरकारच्या गुरु-शिष्य अनुदानातही तुमचा हात पोचला आहे असं ऐकतो. तिथे गुरूला आणि शिष्यांना दरमहा मानधन असतं, आणि एकच शिष्य दोन गुरूंच्या यादीत, दोन वेगवेगळ्या कला शिकताना सापडतो. तो माझा प्रांत नाही. तिथले परीक्षक त्यांचं बघतील. आमच्या जिल्ह्याचं मी बोलतो.

समितीत मी काय मागतो आहे, ते तुम्हाला आधीच सांगून ठेवतो, म्हणजे गाफील ठेवलं अशी तक्रार नको. पात्र ठरणाऱ्यांची नावं मंजुरीआधी त्यांच्या गावच्या ग्रामसभेत मोठ्यानं वाचली जावीत. कोण वाजवतो आणि कोण नाही, हे गाव एका मिनिटात सांगतं. तुमचा शिक्का चावडीवर चालत नाही. अर्जदाराला समोर बोलवावं, आणि ज्याला प्रवास झेपत नाही त्याच्या घरी आमच्यापैकी कुणी जावं. जायला मी तयार आहे, आमच्यातले बाकीचेही तयार आहेत. हात थरथरत असले, आवाज गेला असला तरी हरकत नाही. सत्तर वर्षांच्या गोंधळ्यानं संबळ वाजवून दाखवावाच असं नाही. आकडा कुठल्या हातात धरायचा आणि गोंधळाची मांडणी कशी करायची, हे त्याच्या बोलण्यातून कळतं. फडाची उचल वही, जत्रा कमिटीनं दिलेल्या सुपारीची पावती, बरोबरच्या दोन कलावंतांची साक्ष, हे पुरावे म्हणून धरले जावेत. आणि एकाच शिक्क्याची, एकाच हस्ताक्षराची शिफारसपत्रं एकत्र लावून पाहावीत. हे काम कंटाळवाणं आहे, पण त्यासाठीच आम्हाला तिथे बसवलं आहे.

यातलं काही होईल, काही अडेल. अधिकारी बदलतात, सदस्य बदलतात, वरून कुणाचा फोन येतो. तुमच्या ओळखी माझ्यापेक्षा दांडग्या आहेत, हे मी जाणतो. तुमची माणसं मला भेटून गेली. "मास्तर, आपलीच माणसं आहेत, सांभाळून घ्या," म्हणाली. माझी माणसं कोण ते मला कळतं. ज्यांच्या पायांतल्या चाळांवर मी ढोलकीची थाप दिली, ती माझी माणसं.

त्या बाईचा अर्ज पुढच्या बैठकीत पुन्हा ठेवायला मी लावलं आहे. उचलीच्या वहीच्या पानांच्या साक्षांकित प्रती काढल्या आहेत. वयाच्या दाखल्यासाठी तिला वैद्यकीय तपासणीला कधी न्यायचं, ते ठरलं आहे. बरोबर मीच जाणार आहे.

तुमच्या टेबलावरून आलेले अर्ज मी वेगळे काढून ठेवले आहेत. पैसे घेतले असतील ते त्या माणसांना परत करा आणि अर्ज मागे घ्यायला त्यांना सांगा. त्यांच्यावर कारवाई होऊ नये असं मला मनापासून वाटतं. बैठकीच्या आधी हे झालं नाही, तर त्यातल्या प्रत्येक अर्जावर मी विरोधी मत कारणांसह लेखी नोंदवेन, मोबाइल नंबरच्या पत्रापासून कोरड्या पुडीपर्यंत सगळं त्यात असेल, आणि प्रत्येक नोंदीखाली माझी पूर्ण सही असेल.

कळावे,

जिल्हा समितीवरील एक ढोलकीवादक